खालून फिरणारी पट्टी

उंबरटेक, पो. घोटावडे, ता. मुळशी
२२ जुलै २००७

चि. सिद्धांत,
जय भीम.

तुझा फोन आला तेव्हा मी खांबावर होतो. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तू सांगतोयस की दिल्लीकडे मोठ्या कंपनीत लागलास. धड आनंदही करता आला नाही, म्हणून हे पत्र. तुझी आई गेली आणि तू वसतिगृहात राहायला गेलास तेव्हापासून आपण पत्रंच लिहीत आलो, ती सवय मोडू नकोस. फोनवर माणूस काहीही बोलून जातो, लिहिताना हात अडतो.

उषामामीने वस्तीत पेढे वाटले. भाच्याचं काम काय, असं कुणी विचारलं की ती सांगते, टीव्ही आणि इंटरनेटचे दर ठरवतो. मग लोक माझ्याकडे बघून हसतात. मामा घरोघर केबल ओढतो आणि भाचा ती तोडायच्या कंपनीत, म्हणतात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही एवढंच. मनावर घेऊ नकोस, चेष्टा आहे.

इकडची बातमी म्हणजे वरच्या आळीतल्या हैबतरावांच्या आई तुळजाबाई गेल्या. पहाटे निरोप आला, मामीने लगेच पट्टी टाईप केली आणि सगळ्या मोठ्या चॅनेलवर खालून फिरवली. नाव, वय, अंत्यविधी किती वाजता, कुठे. भातलावणीचे दिवस, तरी लोक चिखलाचे पाय घेऊन आले. पार नांद्याहून, मारुंजीहून माणसं आली, कारण इकडच्या लोकांनी पट्टी बघून तिकडे फोन केले. हैबतराव माझा हात धरून म्हणाले, "दयानंदा, तुज्या पट्टीनं माजी आय मोठ्या मानानं गेली बघ."

मी घरी येऊन हे आबांना सांगितलं. त्यांनी काय म्हणावं? "छपन सालापतुर म्या हेच केलं. वरच्या आळीत कुणी मेलं की काठी घ्यायची आन् मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं. दारातनंच आरडायचं, वर चढायचं न्हाई. धर्म बदलला तवा ती काठी म्या मुळेत फेकली. आन् माजं पोरगं वायरीनं त्योच सांगावा फिरवतंय, त्यो बी फुकाट." मी म्हटलं, आबा, तुम्ही दारातून सांगत होता, मी थेट माजघरात जाऊन सांगतो. ते तोंड फिरवून झोपले.

तुला एकच विचारायचं आहे. तुमची ती वायर आमच्याकडे येणार आहे का? पैशाचं सोड, पिरंगुटच्या कारखान्यात मला वायरमनचं काम कधीही मिळेल. पण या गावात प्रत्येक घराचं दार मला उघडं आहे ते केबलमुळे. ती घरं गेली तर मी पुन्हा वस्तीतला दया होईन.

तुझा,
दयामामा


गुडगाव
९ ऑगस्ट २००७

आदरणीय मामा,
जय भीम.

पत्र तीनदा वाचलं. इथे माझ्या खोलीवर मराठी अक्षर दुसरं कुठलंच नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून माझं काम नीट सांगतो. टीव्ही, इंटरनेट आणि फोन एकाच वायरीतून द्यायचे आणि महिन्याला एकच बिल पाठवायचं. दर असा लावायचा की नुसता टीव्ही घ्यावा तर महाग वाटेल, नुसतं इंटरनेट घ्यावं तर महाग वाटेल, आणि तिन्ही एकत्र घेतले की आपण कंपनीला फसवलं असं माणसाला वाटेल. लोकांना हे वाटायला लावण्याचाच मला पगार आहे. टीव्ही म्हणजे उंदराच्या सापळ्यातली भजी, असं आमचे कौस्तुभ सर म्हणतात. ते सदाशिव पेठेतले आहेत, त्यांना उपमा चांगल्या सुचतात.

सरांचं म्हणणं, दहा-पंधरा वर्षांनी टीव्ही कुणी वेगळा विकणारच नाही. जो तो आपल्या खोलीत आपल्याला हवं ते, हवं तेव्हा बघेल. एका वेळी सगळं गाव एकच चित्र बघतंय हे आपल्या डोळ्यांदेखत संपेल. मला हे ऐकताना बरं वाटलं नाही, पण ते खरं आहे. म्हणून सांगतो, घरं हातात आहेत तोवर तुमचं नेटवर्क कुणा मोठ्या कंपनीला देऊन टाका. नंतर कुणी विचारणार नाही.

मुळशीकडे आमची वायर कधी येईल हे अजून काही ठरलेलं नाही. तुम्ही काळजी करू नका.

आबांना सांगा, त्यांच्यासाठी स्वेटर घेतलाय. इथली थंडी म्हणे हाडं मोडते.

तुमचा,
सिद्धांत


उंबरटेक
१८ नोव्हेंबर २००७

चि. सिद्धांत,
जय भीम.

घोटावड्याच्या रस्त्याने खोदकाम सुरू झालं आहे. टोपीवाली पोरं, हातात नकाशा, तोंडात हिंदी. मी त्यांच्यातल्या मुकादमाला चहा पाजला आणि नकाशा बघायला मागितला. वायर आपल्या वस्तीच्या मागून, ओढ्याच्या कडेकडेने वर जाते असं त्यात दाखवलं आहे. सिद्धांत, ती पायवाट तलाठ्याच्या नकाशातसुद्धा नाही. शाळेला उशीर झाला की तू तिथून पळायचास. मुकादम म्हणाला, हे सगळं गुडगावहून ठरून येतं. मी म्हटलं, मला माहीत आहे कुणी ठरवलं ते.

राग आला, तो लिहून टाकतो म्हणजे जाईल. तू "ठरलेलं नाही" असं लिहिलंस तेव्हा तुझा हात अडला नाही का रे?

मी घरांचं एवढं का करतो, हे तुला कधी सांगितलं नाही. अठ्ठ्याण्णव साली मी केबल सुरू केली तेव्हा पहिलं कनेक्शन हैबतरावांनी मागितलं. मी वायर घेऊन गेलो आणि सवयीने अंगणात उभा राहिलो. टीव्ही माजघरात होता. मग तुळजाबाईच ओरडल्या, "आरं ये की आत, का टीवी भाईर आणायचा?" आबांचं उभं आयुष्य ज्या उंबऱ्याबाहेर गेलं, तो मी पाना-पक्कड घेऊन ओलांडला. त्या दिवसापासून वरच्या आळीतलं एक घर नाही की जिथे मी आत गेलो नाही. बायका म्हणतात, दयादादा, मालिका लागत नाही, बघ. कपबशीसुद्धा वेगळी ठेवत नाहीत. कायद्याने जे झालं नाही ते या काळ्या वायरीने केलं, असं मी मानतो. आबा हसतात. हसू देत.

असो. तू पोटासाठी करतोस. पण पुन्हा खोटं लिहू नकोस.

दयामामा


गुडगाव
२ डिसेंबर २००७

आदरणीय मामा,
जय भीम.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. हिंजवडीच्या बाजूला कुठली गावं घ्यायची, ही यादी करायला मला सांगितलं होतं. भाड्याने राहणारी आयटीची पोरं जिथे आहेत तिथे इंटरनेट खपणार, हे आंधळ्यालाही दिसतं. उंबरटेक वगळलं असतं तर सरांनी कारण विचारलं असतं, आणि माझा मामा तिथे केबलवाला आहे हे सांगायला मला लाज वाटली. तुमची नाही, माझी. तुम्हाला लिहायची हिंमत झाली नाही.

एक गोष्ट मात्र केली. परवाच्या बैठकीत मी विचारलं की टीव्हीला जोडायच्या आपल्या डब्यावर गावची पट्टी दाखवता येईल का, कुणी वारलं तर कळावं म्हणून. कौस्तुभ सरांनी अगदी शांतपणे विचारलं, "चांगली कल्पना आहे. दर काय लावायचा?" मामी ती फुकट टाईप करते, असं तिथे कसं सांगणार? पुढचा विषय सुरू झाला.

रागावून का होईना, पण लिहीत राहा.

तुमचा,
सिद्धांत


उंबरटेक
१० फेब्रुवारी २००८

चि. सिद्धांत,
जय भीम.

राग गेला. तुझ्यावर फार दिवस रागावता येत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

वरच्या आळीत घरोघर तुमचे डबे येऊन बसले. पहिला हैबतरावांकडे. त्यांनी मला बोलावून दाखवला, वर म्हणाले, "आमी काय तुजी केबल सोडतुय व्हय? पोरास्नी इंटरनेट पायजेल म्हून घेतलं. डबा फुकाट हाय." त्यांचा भाऊ कोंडाजी म्हणाला, फुकट मिळतंय तर कोण सोडतं. यात त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आबांचं मात्र बरं नाही. छातीत पाणी झालं आहे. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, याचा अर्थ तू समजशील. तुझा स्वेटर अंगात घालून पडून असतात. बोलणं तसंच तिखट आहे. परवा म्हणाले, "म्या मेल्यावर त्या पट्टीवर माजं नाव टाकू नगंस." मी विचारलं, का? तर म्हणाले, "कोन येतंय? उगा गावाची परीक्षा कशाला बगतूस?"

मी फार चिडलो. दहा वर्षांत या गावात कुणी मेलं आणि दया गेला नाही, असं झालेलं नाही. तिरडीची लाकडं तोडलीत मी, पावसात टायर जाळून चिता धरवल्यात. हैबतरावांच्या आईला मी रडलो आहे. आता दिवस बदललेत, आबांना ते दिसत नाही, कारण ते वस्तीतून वर कधी येतच नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुमच्या वेळी सगळं गाव खाली वस्तीत येईल, बघा. तेवढं बघायला तुम्ही नसाल, हेच वाईट. ते म्हणाले, "मंग तूच बग."

तूही जमेल तसा येऊन जा.

दयामामा


गुडगाव
१२ मार्च २००८

आदरणीय मामा,
जय भीम.

काल परत पोचलो. आबांचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही, हे आयुष्यभर सलणार. रविवारी तुमचा फोन आला तेव्हाच विमान मिळालं असतं तर, असं सारखं वाटतं. आई गेल्यावर मला ज्यांनी मांडीवर घेतलं त्यांना मी खांदाही दिला नाही.

तिथे असताना तुम्हाला एक विचारायचं होतं, धीर झाला नाही. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला वस्तीतली माणसं होती, नांद्याचे पाहुणे होते, शाळेतले एक गुरुजी होते. वरच्या आळीतलं कुणीच दिसलं नाही. मामीला विचारलं तर ती उठून आत गेली. रविवारी अंत्ययात्रेला तरी गाव आलं होतं ना?

सिद्धांत


उंबरटेक
२० मार्च २००८

चि. सिद्धांत,
जय भीम.

नाही आलं.

आपल्या वस्तीतले आणि पाहुणे धरून जेवढी माणसं तू पाहिलीस तेवढीच रविवारी होती. मी प्रेत थोडा वेळ थांबवून ठेवलं. नांद्याचे पाहुणे घाई करायला लागले तेव्हा उचललं.

पण यात गावाचा दोष नाही. आबांनी नको म्हटलं तरी मी पट्टी टाकली होती. ती बघणार कोण? वरच्या आळीतले डबे चालू झाले आहेत, आता माझी केबल तिकडे कुणी लावतच नाही. वस्तीतल्या घरांत पट्टी दिसली आणि वर कुणाला पत्ताच नाही. कळलं असतं तर आले असते. वस्तीतली पोरं फार तापली होती, त्यांनाही मी हेच समजावलं. मामीलाही.

तुझ्या कंपनीचा डबा म्हणून तुला बोलत नाही. काळच तसा आला आहे, तूच लिहिलं होतंस.

दयामामा


गुडगाव
११ मे २००८

आदरणीय मामा,
जय भीम.

तुमचं पत्र आल्यापासून मला झोप नाही. माझ्याच यादीतले डबे, आणि त्यांच्यामुळे आबा असे एकटे गेले. राजीनामा लिहून ठेवला होता. मध्ये दीड महिना मला हैदराबादच्या कामावर टाकलं होतं, म्हणून तो द्यायचा राहिला. परवा परत आलो आणि हातात पाकीट घेऊन कौस्तुभ सरांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, आबांचं, पट्टीचं, डब्यांचं.

ते म्हणाले, अरे, मुळशीचे डबे मार्चमध्ये चालू कसे असतील? एकत्र पॅकचा दर किती ठेवायचा यावर चॅनेलवाल्यांशी भांडण चाललं होतं, ते मिटेपर्यंत एकाही घरात चित्र सोडलं नव्हतं. एप्रिल संपता संपता सुरू केलं. त्यांनी माझ्यासमोर इंजिनिअरला फोन लावून खात्री केली. डबे तुमच्या गावात नुसते टीव्हीवर ठेवलेले होते, मामा. बंद.

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडलो. हे पत्र मी तुम्हाला आनंदाने लिहायला घेतलं होतं, की आमचा डबा आबांच्या आड आला नाही. त्या रविवारी सगळ्या गावात तुमचीच केबल चालू होती, प्रत्येक घरात आबांचं नाव

मधे तासभर थांबलो होतो. वरचं वाक्य पुरं करता येत नाही.

मामा, तुम्ही केबलवाले आहात. कुठल्या घरात तुमचं चित्र चालू आहे हे तुम्हाला कळत नाही असं मी कसं मानलं? तुम्हाला ठाऊक होतं का?

सिद्धांत


उंबरटेक
१९ मे २००८

चि. सिद्धांत,
जय भीम.

ठाऊक होतं.

पाकीट फाडून टाक. नोकरी सोडून काय करणार आहेस, इथे येऊन माझ्याबरोबर खांबावर चढणार? तुझा डबा निर्दोष आहे, आणि तरीही तो दोषी आहे असंच तू सांगत राहा, कुणीही विचारलं तरी. वस्तीतल्या पोरांना खरं कळलं तर ती वर चालून जातील. डोकी फुटतील, आपलीच पोरं आत जातील, आणि मग त्या रविवारी जे झालं नाही त्याचं कुणाला काही वाटणारच नाही. मला इथे राहायचं आहे. मामीला राहायचं आहे. डब्याला दोष दिला तर डबा काही मनाला लावून घेत नाही.

केबल मी घोटावड्याच्या एका माणसाला देऊन टाकतो आहे. तू सांगितलंस तेच केलं म्हण हवं तर. एक तारखेपासून पिरंगुटला कारखान्यात जाईन. तिथे मशीनला वायर जोडायची, कुणाच्या घरात जायचं नाही.

आबा बरोबर होते आणि मी चूक, असं लिहायला बसलो होतो. पण तसंही नाही. कुणी हाकलून दिलं असतं, शिवी दिली असती, तर मला आबांसारखं काठी फेकून मोकळं होता आलं असतं. तसं काही झालंच नाही. वर गेलो की अजून सगळे हसून बोलतात. "आबा गेल्याचं लई वाईट झालं," म्हणतात. वाईट त्यांना खरंच वाटत असेल. फक्त खाली वस्तीत उतरून यायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या मागून कुणी ठरवलं असेल असंही मला वाटत नाही. ठरवावं लागलंच नाही, हे मला जास्त लागलं.

आता तू विचारलंसच तर त्या दिवसाचंही लिहितो. हे मामीला माहीत नाही.

रविवारची सकाळ होती. ऑस्ट्रेलियात मॅच चालली होती, गावातल्या सगळ्या घरांत तीच लागलेली. आबांना आंघोळ घातली, पांढरं वस्त्र घातलं. मामीने रडत रडत पट्टी टाईप केली होती, ती खालून फिरत होती. मी अंगणात रस्त्याकडे तोंड करून उभा होतो. मोबाइल वाजला. हैबतरावांचा फोन.

म्हणाले, "दयानंदा, आत्ताच वाचलं. लई वाईट झालं बघ. आबावानी माणूस व्हनार न्हाई. आमी येतुयाच." मी म्हटलं, या, तुमच्यासाठीच थांबलोय. ते मग म्हणाले, "तेवडी पट्टी जरा काडतूस का? स्कोर दिसंना झालाय. हितं समदी बसल्याती."

मागून कोंडाजीचा आवाज आला, विकेट गेली म्हणून. फोन बंद झाला.

मी आतल्या खोलीत गेलो आणि पट्टी काढली. मामीने दारातून पाहिलं. तिने विचारलं, एवढ्यात का काढली? मी म्हटलं, सगळ्यांना कळलंय.

तुझा,
दयामामा